कवच आधी फोडून पाहावे

नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या शेन्झोऊ-२० यानाच्या खिडकीला सूक्ष्म तडे गेल्याचे आढळले आणि त्यातून परतणाऱ्या तिघा अंतराळवीरांना दुसऱ्या यानातून पृथ्वीवर यावे लागले. संशय अवकाशातील कचऱ्याच्या एखाद्या बारीक कणावर होता. गगनयानाची तयारी करणाऱ्या आणि २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारू पाहणाऱ्या भारतात या घटनेची व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही.

पृथ्वीनजीकच्या कक्षेत टक्करीचा वेग सेकंदाला सरासरी १० किलोमीटर असतो. त्या वेगाने येणाऱ्या एक सेंटीमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या गोळीत ताशी ४० किलोमीटरने धावणाऱ्या एक टनाच्या मोटारीइतकी ऊर्जा असते. इतक्या लहान वस्तूंचा माग जमिनीवरून नियमितपणे ठेवता येत नाही, म्हणून कवच लागते. मुख्य भिंतीपुढे अंतर राखून पातळ पत्रा लावावा, म्हणजे कण त्यावर आदळून चूर होईल, ही युक्ती खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४७ मध्ये सुचवली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या काही भागांत पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये सिरॅमिक धाग्यांचे कापड व त्यामागे केव्हलारचे थर आहेत. सिरॅमिक तुकड्यांना पुन्हा फोडते. केव्हलार त्यांचा वेग कमी करतो.

सिरॅमिक हे आपल्या मडक्याचेच कुळ. इतिहासाच्या अभ्यासात खापरांवरून वसाहतींचा काळ ठरवायला शिकलो, तेव्हा एका धक्क्याने फुटणारी ही वस्तू तीन हजार वर्षे टिकते कशी, याचे नवल वाटे. दाब सोसण्याची तिची ताकद मोठी. ताण आला मात्र की अदृश्य भेगही धावत सुटते. आघातात दोन्ही लागोपाठ येतात. दाबाची लाट मागच्या पृष्ठभागावरून परावर्तित होते आणि ताणाची लाट होऊन परतते. भेगा सारख्या नसतात, म्हणून एकाच भट्टीतल्या दोन फरशा सारख्या वागत नाहीत. चिलखतात वापरले जाणारे अतिकठीण बोरॉन कार्बाइड तर वातावरणाच्या सुमारे दोन लाख पट दाबापलीकडे अचानक ढासळते. त्याच्या तुकड्यांत स्फटिकरचना मोडलेल्या अतिसूक्ष्म पट्ट्या असल्याचे २००३ मध्ये दिसले, तेव्हा कारणाचा धागा सापडला.

त्याच वर्षी कोलंबिया यान कोसळले आणि कल्पना चावलांसह सात जण गेले. उड्डाणावेळी फेसाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. हानीचा अंदाज ज्या संगणकीय प्रणालीने केला, ती या तुकड्याहून शेकडो पट लहान तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेली होती. (एका जिल्ह्यासाठी काढलेला दर दुसऱ्याला बिनदिक्कत लावलेला मी सरकारी नोकरीत अनेकदा पाहिला, तिथे फक्त पैसे बुडत.) जुलैमध्ये तसाच तुकडा पंखाच्या कडेवर झाडला, तेव्हा सिरॅमिकचा लेप असलेल्या त्या कार्बनच्या भागाला सुमारे ४० सेंटीमीटरचे भोक पडले.

२०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा निर्धार भारताने २०२४ मध्ये जाहीर केला. तो स्तुत्यच आहे. पण त्याने आपण कचरा करणे थांबेल, इतरांचा अंगावर येणारा कचरा थांबणार नाही. स्थानकाच्या पहिल्या भागाला मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. त्याची रचना कायम होण्यापूर्वी कवचाच्या आघात-चाचण्यांचे निकाल, फसलेल्या चाचण्यांसह, इस्रोबाहेरील तज्ज्ञांसमोर ठेवले जावेत. प्रयोगशाळेतील वायुतोफा साधारणपणे सेकंदाला सात किलोमीटरपर्यंतच गोळी नेतात. पुढचे सारे गणितावर चालते. तेव्हा चाचणी कुठे संपली आणि गणित कुठे सुरू झाले, हे अहवालात स्पष्ट लिहिलेले असावे.

अंतराळवीरांना नेणाऱ्या खासगी यानांसाठी नासाने जीवितहानीच्या संभाव्यतेची मर्यादा २७० मध्ये एक अशी जाहीरपणे ठरवली होती आणि त्या जोखमीत कचऱ्याचा वाटा मोठा होता. आपल्या स्थानकासाठी ही मर्यादा किती, हे अंतराळ विभागाच्या अनुदानाच्या मागण्या तपासताना संसदेच्या स्थायी समितीने विचारावे.