गणित शिकून मुलगा होणार काय?

भोपाळ हे नाव निघाले की आपल्या गावांतील वडीलधाऱ्या मंडळींना १९८४ च्या डिसेंबरातील विषारी वायूची ती रात्र आठवते, आणि मृतांसाठी ओठांवर प्रार्थना येते. म्हणूनच की काय, आम्हांस पत्र धाडणाऱ्या एका शेतकरी पित्याने प्रारंभीच लिहिले आहे की, मुलाला त्या शहरी पाठवावयाचे म्हटल्यापासून त्याच्या आईचा जीव थाऱ्यावर नाही. मुलगा बारावीत, शास्त्र शाखेत आहे. गणितात त्याची गती चांगली. त्याने अभियांत्रिकीच्या मागे न लागता भोपाळच्या 'आयसर'मध्ये जाऊन गणित शिकावे, असे त्याच्या शिक्षकांनी सुचविले आहे. यावर चुलत्यांनी विचारले, "पाच वर्षे गणित शिकून होणार काय? मास्तरच ना?"

चुलत्यांचा प्रश्न आम्हांस मुळीच हास्यास्पद वाटत नाही. ज्या घरात एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याची शाळा थांबवावी लागते, तेथे हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे.

प्रथम संस्थेविषयी. विज्ञानाचे शिक्षण आणि संशोधन एकाच आवारात चालावे, या हेतूने केंद्र सरकारने देशात अशा सात संस्था काढल्या. पुण्याची २००६ साली निघाली, भोपाळची २००८ साली. भोपाळच्या संस्थेचे आवार शहराबाहेर भौरी येथे आहे. मुले वसतिगृहात राहतात. पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळून पाच वर्षांचा क्रम असतो. आरंभी सर्वांना विज्ञानाचे निरनिराळे विषय शिकावे लागतात आणि मुख्य विषय मागाहून ठरतो. ही मोठी सोय आहे. गणित आपल्याला झेपणारे नाही असे ज्याला तेथे गेल्यावर उमगले, त्याला रसायनशास्त्राकडे अथवा जीवशास्त्राकडे वळता येते.

आईच्या चिंतेसाठी दोन शब्द. भोपाळ हे १९६३ पासून महाधर्मप्रांताचे ठिकाण आहे, आणि नागपूरचे आर्चबिशप युजीन डिसोझा हेच तेथले पहिले आर्चबिशप झाले. रविवारच्या मिस्साला मुलगा अंतरणार नाही. माळव्याच्या त्या मुलखात मराठी माणूसही परका नाही. थोर गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांचा जन्म १९३० साली उज्जैनला झाला. त्यांचे वडील ग्वाल्हेरच्या महाविद्यालयात गणितच शिकवीत. नाशिक रोडहून गाडीत बसले की रात्रीच्या प्रवासाने भोपाळ येते.

आता मुख्य मुद्दा. गणितात चांगले गुण मिळविणारा प्रत्येक मुलगा गणितासाठीच जन्मला आहे, असे आम्ही मानीत नाही. त्याची परीक्षा घरी घेता येते. देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ च्या सुमारास एक गंमत शोधून काढली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच करा: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहील. आणि आरंभीची संख्या कोणतीही असो, फार तर सात पायऱ्यांत तेथे पोहोचाल. सायंकाळची रोजरी झाल्यावर हे मुलासमोर ठेवा. "अरे वा!" म्हणून तो उठून गेला तर त्याने खुशाल अभियंता व्हावे. पण "असे का होते? पाच अंकांच्या संख्येचे काय होईल?" असे विचारीत तो पाटी धरून बसला आणि जेवण निवून गेले, तर त्याच्या शिक्षकांचे म्हणणे जरूर ऐका. गणिताच्या विभागात पुढे पाच वर्षे या 'का'चीच साधना चालते.

ती कशी चालते, हे तेथील 'सेमिनार'मध्ये दिसते. बाहेरून आलेला अथवा तेथलाच एखादा संशोधक फळ्यापाशी उभा राहून तासभर आपले काम मांडतो. प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी आणि इच्छा असल्यास कोवळी मुलेही ऐकावयास बसतात. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून "ही पायरी कशी आली?" असे विचारणे तेथे उद्धटपणाचे मानीत नाहीत, न विचारणाराच मागे पडतो. आपल्या मुलांना हे जड जाते. शाळेत शंका काढली तर "फार शहाणा झालास" हे ऐकण्याची त्यांना सवय असते. वास्तविक आपल्या धर्मपरंपरेला ही रीत नवी नाही. संत थॉमस अक्विनास आपल्या महाग्रंथात प्रत्येक प्रश्नावर विरुद्ध पक्षाचे आक्षेप आधी मांडतात, आणि मगच स्वतःचे उत्तर देतात.

येथे फादर शार्ल रासीन यांची आठवण होते. हे फ्रेंच जेज्वीट धर्मगुरू पॅरिसला थोर गणितज्ञ एली कार्तां यांच्या हाताखाली १९३४ साली डॉक्टर झाले, १९३७ साली भारतात आले, आणि १९३९ पासून मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात शिकवू लागले. परीक्षेपुरते शिकविण्यात त्यांचे मन रमत नसे. युरोपात गणिताचे जे नवे वारे वाहत होते ते त्यांनी मुलांपर्यंत आणले, आणि गुणी मुलांना संशोधनाकडे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे वळविले. त्यांच्या शिष्यांपैकी एक एम. एस. नरसिंहन. तमिळनाडूतील तंडराई या खेड्यातील कुटुंबात १९३२ साली जन्मलेला, पाच भावंडांतील थोरला मुलगा. दुसरे सी. एस. शेषाद्री. या दोघांनी मिळून १९६५ साली सिद्ध केलेला सिद्धान्त आज जगभर त्यांच्या जोडनावाने ओळखला जातो. हे शिष्य हिंदू होते आणि हिंदूच राहिले; फादरांनी त्यांना गणित दिले आणि ते त्यांना पुरून उरले. नरसिंहन यांच्या घरीही कोणा चुलत्याने "होणार काय?" असे विचारलेच असेल, असे आम्हांस उगाच वाटते.

परंतु प्रत्येक जण नरसिंहन होत नाही. तेव्हा चुलत्यांना स्पष्ट हिशेब देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पाच वर्षांनंतर संशोधनाकडे जावयाचे तर आणखी पाच-सहा वर्षे डॉक्टरेटला लागतात. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. म्हणजे मुलगा त्या काळात घरावर भार होत नाही. पण कायम जागा मिळेतो वयाची तिशी उलटते, आणि जागा थोड्या असतात. ज्या घराला दोन वर्षांत त्याच्या पगाराची निकड आहे, त्या घराने ही वाट धरताना दहा वेळा विचार करावा. संशोधन नको असेल तर इतर वाटा आहेत. विमा कंपन्यांत जोखमीचे गणित मांडणारे ॲक्च्युअरी लागतात. त्यांच्या परीक्षा निराळ्या आणि कठीण असतात. बँका व संगणकाच्या कंपन्या गणिताची माणसे घेतात. संख्याशास्त्र जोडीला असेल तर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. आणि मास्तर झाला तर? बी.एड. करून तो गावच्या शाळेत परतला, तर गावाचे काही वाईट होईल असे आम्हांस वाटत नाही.

मुलगा गेलाच तर त्याला एक गोष्ट बजावून सांगा: विभागाचा सूचनाफलक रोज वाच. मिस्सानंतर फादर सूचना वाचतात तेव्हा आपण निघण्याच्या घाईत असतो, तसे तेथे करू नये. कोणाचे व्याख्यान आहे, कोठे छात्रवृत्तीचे अर्ज निघाले आहेत, १९९३ साली सुरू झालेल्या 'एम.टी.टी.एस.'च्या उन्हाळी शिबिरासाठी नावे केव्हा द्यावयाची, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची परीक्षा कधी आहे, हे सारे तेथेच कळते. शहरातील मुलांना ते घरीच कोणीतरी सांगितलेले असते. आपल्या मुलांना सांगणारे घरी कोणी नसते.

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे. शिकविणे इंग्रजीतून होते, आणि मराठी माध्यमाच्या मुलाचे पहिले वर्ष कष्टाचे जाते. सुटीत गणिताचे एखादे इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचावयास लागणे, हा त्यावरचा उपाय. पत्र मुलाविषयी होते म्हणून आम्ही 'मुलगा' म्हणत आलो. लेकीसाठीही परीक्षा तीच, वाट तीच.

प्रवेशासाठी सातही संस्थांची मिळून एकच परीक्षा असते. तीन तासांत साठ प्रश्न. भौतिक, रसायन, जीवशास्त्र व गणित यांचे प्रत्येकी पंधरा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. बारावीच्या गुणांची अट, शुल्क आणि अर्जाच्या तारखा दरवर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात. जातीचे अथवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र ज्यांना लागू असेल त्यांनी ते केंद्राच्या नमुन्यात हवे, हे ध्यानात ठेवावे.