तिसरा चाकू घेताना

डॉगरीजवर कलमं चालू आहेत, पाऊस अधूनमधून येतोय, त्यामुळं दुपारचा वेळ मोकळा सापडतो. म्हणून आज चाकूवर लिहितो.

माझ्याकडं दोन नव्या धाटणीचे घडीचे चाकू आहेत. एका हातानं उघडतात, आतली पत्र्याची पट्टी सरकून पातं लॉक होतं, खिशाला अडकवायला क्लिप आहे. एकाचं पातं स्टेनलेस, दुसरा डी-टू पोलादाचा. आवड म्हणून घेतले, लपवत नाही. लॅटरल कापणं, खताच्या गोणीची शिवण उसवणं, सुतळी, मल्चिंगचा कागद, या कामांत ते वाघ आहेत. डी-टूची धार तर महिना महिना हलत नाही.

हे चाकू आल्यावर मी घरातली लोखंडी अडगळ भंगारवाल्याला दिली. जुने कपलिंग, गंजलेले नोझल, आणि त्यातच अण्णांचा पितळी मुठीचा जुना चाकू. पातं झिजून झिजून विलायती चिंचेच्या शेंगेसारखं वाकडं आणि बारीक झालेलं, खिळा ढिला. किलोवर गेला. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. गेल्या वर्षी कलमाच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी विचारलं, "माझा चाकू कुठाय रे?" मी डी-टू पुढं केला.

त्या दिवशी कलम बांधणारी टोळी दुपारी निघून गेली आणि कडेची अर्धी ओळ राहिली. ती मी त्या चाकूनं बांधली. धार वस्तऱ्यासारखी होती, तरी निम्म्याच्या वर कलमं वाळली. टोळीनं बांधलेली त्याच ओळीतली बाकीची फुटली. काडी तीच, खुंट तेच, पाणी तेच. आता जिथं कलम गेलं तिथं वेल वर्षभर मागं पडली, आणि मांडवाखाली ती खिंडारं रोज दिसतात.

कारण नंतर ध्यानात आलं. त्या पात्याची पाठ तीन मिलिमीटर जाड. धारेच्या लगेच वर पातं फुगत जातं. सायन काडीला पाचर करताना असं पातं कापत कमी आणि फाकवत जास्त जातं. काप सपाट येत नाही, मधे पोट राहतं. खुंटाच्या चिरेत पाचर बसवली की वर-खाली टेकते, मधे फट. सालीखालचा हिरवा पदर पदराला लागला नाही तर वरून पट्टी कितीही आवळा, आत काडी वाळणारच. धार किती तिखट आहे यापेक्षा धारेमागं पातं किती पातळ आहे, हे कलमाला जास्त लागतं. अण्णांचा चाकू झिजून निकामी झालाय असं मला वाटायचं. तो झिजून कलमाच्या लायकीचा झाला होता.

म्हणून माझं मत सांगतो. ज्यांच्याकडं नवे चाकू आहेत त्यांनी तिसराही तसलाच घेऊ नये. जोडीला जुन्या पद्धतीचा, साध्या कार्बन पोलादाचा, पातळ पात्याचा घ्या. शोभेला नको, कामाला. नव्या चाकूला जे जमत नाही तेवढंच त्याच्याकडून मागायचं.

रामपुरी मी मोजत नाही. खटका झकास वाजतो, पण लांब पातं काडीवर आवरत नाही आणि सिनेमानं त्याचं नाव घालवलंय ते वेगळंच. आपला लोहार कमानपाट्याचं पातं उत्तम करून देतो, पाणीही बरोबर देतो, पण घडी आणि खिळा हे त्याचं रोजचं काम नाही. त्याच्याकडून सरळ, बिनघडीचा करून घ्या, म्यान शिवा, तो जन्मभर जाईल. खिशात घडीचाच हवा असेल तर मी घेतलेला सांगतो: ओपिनेल, आठ नंबर, कार्बनचा.

हा फ्रान्सच्या सावोय भागातला. घराणं हत्यारं घडवणाऱ्या लोहारांचं, त्यातल्या जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये हा चाकू काढला. बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि 1955 पासून मानेवर फिरणारी कडी. कडी फिरवली की पातं मिटत नाही. ही कडी मला आतल्या पट्टीच्या लॉकपेक्षा भरवशाची वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते. माझ्या पहिल्या चाकूच्या पट्टीत एकदा चिखल गेला होता, लॉक अर्धवटच बसलं, लॅटरल कापताना पातं बोटावर मिटलं. दोन टाके. चूक माझीच, साफ केला नव्हता. पण चिखल पट्टीत गेलेला वरून दिसत नाही.

त्याचे दोषही सांगतो. आपल्या पावसात लाकडी मूठ फुगते आणि पातं आतच अडकून बसतं. नखानं ओढत बसू नका. कडी उघडी ठेवून मुठीचं बूड दगडावर ठोका, पातं थोडं बाहेर येतं. दुसरं, ते गंजतं. रात्री ओलं ठेवलं तर सकाळी तांबूस ठिपके. पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला की झालं. पातं काळं-निळं पडेल, त्याला घाबरू नका. वांगी चिरून विळी काळी पडते तसंच ते. त्या काळ्या थरानं उलट तांबडा गंज कमी धरतो.

डाळिंबवाल्यांनी मात्र जपा. तेल्याच्या बागेत हत्यार प्रत्येक झाडाला बुडवावं लागतं, आणि सोडियम हायपोक्लोराइट कार्बन पोलादाला खाऊन टाकतं. तिथं स्टेनलेसची कात्रीच बरी. हौस तिथं करू नका.

कार्बनची खरी सोय दगडावर कळते. डी-टूला धार गेली की साध्या दगडावर अर्धा तास घासा, हिऱ्याची पट्टी नसेल तर हात दुखतात. याला बांधावर बसून कुरुंदाच्या दगडावर दहा-बारा हात, मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर उलटं ओढून धारेवरची लव काढली की दाढी होईल. कलमाच्या दिवशी धार चार वेळा लागते. तेव्हा महिनाभर टिकणारी धार नको असते, दोन मिनिटांत परत येणारी हवी असते.

एक गोष्ट कबूल करतो. डोळे भरायला आणि नुसत्या कलमाला खास एकाच बाजूनं धारेचा कलम चाकू याहून सरस. सपाट बाजू काडीला लागते, काप आपसूक सरळ येतो. जर्मनीतल्या रॉयटलिंगेनच्या टीनाचे त्यात नावाजलेले आहेत, पण पैसे मोजावे लागतात. डावखुऱ्यांनी घेताना धार कुठल्या बाजूला आहे ते बघूनच घ्यावा, उजव्याचा उपयोग नाही.

यंदा टोळीच्या म्होरक्याला माझा ओपिनेल दिला. त्यानं दहा-बारा काड्या केल्या, पातं उन्हात धरून बघितलं आणि परत दिला. "चांगलाय मालक, पण माझा हात माझ्याच पात्यावर बसलाय." अण्णांनी मात्र तो ठेवून घेतला. गेल्या वर्षीची खिंडारं तेच बांधताहेत, रोज सकाळी पाच-सहा, पाऊस नसेल तेव्हा. आज सात झाली. फुटली की फोटो टाकतो, वाळली तरी टाकतो.