सायकलचा तेलाचा ब्रेक

गेल्या पावसाळ्यात भोपाळ शहरी हबीबगंज भागात एका परिचित मराठी कुटुंबाकडे आमचा काही दिवस मुक्काम होता. (तेथील रेल्वे स्थानकास २०२१ सालापासून राणी कमलापती हे नाव आहे, वस्तीस मात्र लोक अजून हबीबगंजच म्हणतात.) घरचा चौदा वर्षांचा मुलगा रोज सकाळी अरेरा टेकडीकडे सायकलने जाई. एके दिवशी तो सायकल हाती धरून पायीच परतला.

वाटेत चाक पंक्चर झाले होते. दुकानदाराने आपल्याकडील रीतीप्रमाणे सायकल उलटी उभी करून काम उरकले. मुलाने निघताना लिव्हर दाबली, तो ती थेट मुठीस टेकली! उतार लागण्यापूर्वीच हे ध्यानी आले, ही देवाची कृपा.

"फादर, तार आवळून देऊ का?" वडिलांनी विचारले. परंतु या ब्रेकास तारच नसते. लिव्हरपाशी तेलाची इवलीशी टाकी, तेथून चाकापर्यंत नळी, आणि चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड, एवढाच हा संसार. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा (१६२३–१६६२) सिद्धांत येथे कामास येतो. सेमिनरीत आम्ही पास्कलचे नाव धर्मचिंतक म्हणून ऐकले होते. तो सायकलच्या ब्रेकात भेटेल असे वाटले नव्हते. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दबते. टाकीत हवेचा बुडबुडा असला आणि सायकल उलटी केली, की तो नळीत शिरतो व लिव्हर पोकळ लागते.

इतक्यात शेजारचे गृहस्थ मोटारसायकलच्या ब्रेकचे तेल घेऊन आले. आम्ही त्यांस हात जोडून थांबविले. शिमानो व मागुरा यांच्या ब्रेकांत मिनरल ऑइल असते, स्रॅमच्या पुष्कळशा ब्रेकांत डॉट जातीचे. मिनरल ऑइलच्या ब्रेकात डॉट तेल घातले, तर आतील रबरी सील फुगून निकामी होतात आणि ऐन उतारावर दगा होतो. कोणते तेल हवे ते बहुधा टाकीच्या झाकणावरच कोरलेले असते. वाचकांनी आपल्या मुलांच्या सायकलींवर ते एकदा पाहून ठेवावे.

आम्ही सायकल सरळ उभी करून लिव्हर वीसेक वेळा दाबविली, मग ती रबराने मुठीशी आवळून रात्रभर ठेवविली. सकाळी ती बरीच घट्ट लागली. तरी एवढ्यावर विसंबणे बरे नव्हे; जाणत्या कारागिराकडून हवा काढून घेतलीच पाहिजे.

चाक काढले असता लिव्हर दाबू नये, नाही तर पॅड जवळ येतात व चकती आत जात नाही. पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवावी. ब्रेक किंचाळत असेल, तर साखळीचे तेल चकतीवर उडाले आहे का, ते पाहावे. चकती स्पिरिटने पुसता येते. तेल प्यालेले पॅड मात्र सहसा बदलावेच लागतात. उतारावरून नुकत्याच आलेल्या चकतीस बोट लावू नये, ती चटका देते.

कारागिराने दोन दिवसांनी हवा काढून दिली. मुलाने प्रथम अंगणातच चार फेऱ्या मारल्या. मातोश्री दारात उभ्या होत्या. मग तो टेकडीकडे निघाला.