चालतंय ना, मग झालं!

आपल्याकडे कुठल्याही दुरुस्तीचा शेवट या चार शब्दांनी होतो. गाडीला बाहेरून सिक्युरिटी अलार्म बसवून घेतला असेल तर तुम्ही ते ऐकलेच असणार. फिटर रिमोटचं बटण दाबतो, चारही दारं खटॅक करून लॉक होतात, इंडिकेटर डोळा मारतात, आपण खूश, पैसे चुकते! माझं स्पष्ट मत आहे की ही टेस्ट नाहीच, हा नुसता डेमो आहे. आणि नुसता डेमो बघून सॉफ्टवेअर घेणाऱ्यांचं पुढे काय होतं ते आमच्या धंद्यात कुणालाही विचारा.

कुणी म्हणेल, अलार्म वाजला म्हणजे पुरे. अहो, वाजणं हे त्याचं किरकोळ काम. रस्त्यात गाडी बोंबलायला लागली तर हल्ली मान वर करून बघतं कोण? खरी गोष्ट ही की एकदा लॉकच्या वायरी जोडल्या, की दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं हे तो डबा ठरवतो.

उदाहरण देतो. बऱ्याच अलार्ममध्ये एक सोय असते. रिमोटने अनलॉक केलं आणि साधारण ३० सेकंदांत एकही दार उघडलं नाही, तर बटण चुकून दाबलं गेलं असं समजून तो दारं परत लॉक करतो. सोय चांगली आहे. पण दार उघडलं हे त्याला कळतं कसं? दाराच्या चौकटीतल्या स्विचवरून, ज्याच्यावर छतातला दिवा लागतो तोच. आता काही जुन्या, साध्या गाड्यांत मागच्या दारांना हा स्विचच नसतो. डिकीचा असलाच तर त्याची वायर वेगळी, ती मागून पुढे ओढून आणायचा फिटरला कंटाळा. आणि ती नाही जोडली तरी डेमोत काहीच अडत नाही ना!

आता मे महिन्यातली दुपार घ्या. आई मागचं दार उघडून पोराला बसवते, किल्ली तिथेच सीटवर टाकते, दार लावते आणि उरलेली पिशवी आणायला चार पावलं मागे जाते. अलार्मच्या लेखी एकही दार उघडलेलं नाही. ३० सेकंद झाले की खटॅक! पोरगं आत, किल्ली आत, आई बाहेर. बंद गाडी उन्हात भराभर तापते आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. बरं, यात कुठलाही पार्ट बिघडलेला नाही. सगळं अगदी 'चालतंय'.

डिकीची तऱ्हा वेगळी. डिकी उघडायला अलार्ममधून जी वायर येते, तिच्यात बहुतेक वेळा फक्त रिले ओढण्यापुरती ताकद असते, काहीशे मिलिअँपिअरची. डिकीचं सोलेनॉइड मागतं कित्येक अँपिअर. मध्ये रिले न घालता थेट जोडलं तर पहिल्या दिवशी डिकी उघडेलही, पण आतला ट्रान्झिस्टर आज ना उद्या जळणार. रिले दोघांच्या नाश्त्याच्या पैशांत येतो. कॉइलवर उलटा बसवायचा डायोड तर फुटकळ किमतीचा.

दारांच्या मोटारींचंही तसंच. बाहेरच्या किटमध्ये मोटारीला दोन वायरी. एरवी दोन्ही अर्थला, एकीला १२ व्होल्ट दिले की लॉक, दुसरीला दिले की अनलॉक. म्हणजे पाच पिनांचे दोन रिले: ३० नंबर मोटारीला, ८७ए अर्थला, ८७ फ्यूजमधून बॅटरीला. पण कंपनीचं सेंट्रल लॉकिंग असलेल्या गाडीत स्विचची बारीक वायर नुसता सिग्नल नेत असते, काहींना तर फक्त अर्थचा इशारा हवा असतो. तिथे अंदाजाने १२ व्होल्ट दिले की गाडीचा कंट्रोल युनिटच जायचा. म्हणून अशा वायरीला टेस्ट लॅम्प लावणाऱ्याला मी हात जोडतो. बाबा रे, मल्टिमीटर घे!

आणि फ्यूज. तो अलार्म वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीजवळ हवा. डॅशबोर्डखाली फ्यूज ठेवला, तर तिथपर्यंतची वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाल्यावर जळण्यापासून तिला वाचवणार कोण?

फिटरला शिव्या घालणं सोपं आहे. पण तो डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत वायर शोधत असताना "अर्ध्या तासात उरका हो" म्हणणारे आपणच. सायरनचा आवाज ऐकून किट पसंत करणारे आपण, आणि रिलेच्या पैशांवर घासाघीस करणारेही आपणच. वर घरच्या वायरिंगला मात्र आपल्याला आयएसआय मार्क लागतो!

तेव्हा पुढच्या वेळी एवढं कराच. कुठली वायर कुठे जोडली याचा कागद मागा, हाताने काढलेला चालेल. फ्यूज कुठे आहे ते दाखवायला लावा. मग एकेक दार आणि डिकी वेगवेगळी उघडून, परत लावून, मिनिटभर थांबा आणि आपोआप लॉक होतंय का बघा. हे करताना खिडकी उघडी आणि किल्ली खिशात. होत असेल तर ते राहिलेले स्विच जोडून घ्या, नाहीतर ती सोय बंद करून घ्या. शेवटी अलार्मचा फ्यूज काढा आणि नुसत्या किल्लीने बाहेरून, हँडलने आतून दार उघडतंय का तपासा.

हे सगळं झाल्यावर पैसे द्या. वेळ लागेल, फिटर वैतागेल. वैतागू दे. बघा पटतंय का.