वर्षाचा पहिला पक्षी

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा सरत्या वर्षाचे मोजकेच दिवस उरलेले असतील. ही संकल्पांची वेळ. परंतु वाढत्या वयात संकल्पांची यादी 'काय खाऊ नये' येथून सुरू होते आणि 'काय करू नये' येथे संपते, असा माझा दवाखान्यातला अनुभव आहे. आज मी आपणांस असा एक संकल्प सुचवणार आहे, ज्यात काहीही सोडावे लागत नाही. १ जानेवारीच्या सकाळी आपल्या दृष्टीस पडणारा पहिला पक्षी कोणता, एवढे पाहायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.

ही प्रथा मूळची आपली नव्हे. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक पक्षिनिरीक्षक वर्षभरात पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ठेवतात. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जुनी यादी मिटते आणि दुसऱ्या दिवशी पान पुन्हा कोरे होते. त्यामुळे हजारदा पाहिलेली चिमणीसुद्धा त्या सकाळी नवी ठरते. पहिला दिसेल तो आपला 'वर्षाचा पक्षी', असे काही जण कौतुकाने मानतात. कोणी त्यासाठी पहाटेच पाणथळीवर जाऊन बसतो, तर कोणी स्वयंपाकघराचा पडदा तेवढा बाजूला सारतो. तिकडे हा काळ पक्षिगणनेचाही असतो. नाताळात पक्ष्यांची शिकार करण्याऐवजी ते मोजावेत, अशी कल्पना फ्रँक चॅपमन यांनी मांडली आणि २५ डिसेंबर १९०० रोजी उत्तर अमेरिकेत २७ जणांनी पहिली गणना केली. ब्रिटनमध्ये १९७९पासून जानेवारीच्या अखेरीस घरच्या बागेतले पक्षी तासभर मोजण्याचा उपक्रम चालतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही आणि घराबाहेरही पडावे लागत नाही. आपल्या वयाच्या मंडळींना सोयीचे आहे ते हेच.

ही प्रथा मला कळली ती एका रुग्णाच्या घरी. ब्याऐंशी वर्षांच्या आजी. दिवाळीनंतर न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम होती, जखमही भरून आली. पण आजी उठेनात. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, त्या डोळे मिटून घ्यायच्या. जेवण दोन घासांवर आले. सूनबाई एकटीच सारे करीत होती आणि दिवसेंदिवस अधिक गप्प होत होती. खुब्याच्या हाडानंतर म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, तर पुढे काय काय होते हे मला ठाऊक होते. पाठीला शय्याव्रण, छातीत कफ साठून न्यूमोनिया, पायाच्या नीलेत गुठळी. म्हणून मी दर खेपेस रक्तदाब पाहत होतो, औषधे बदलत होतो आणि 'आजी, उठायला हवे' असे बजावून निघत होतो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा इंग्लंडमधल्या नातवाचा फोन चालू होता. तो सांगत होता, "आजी, इथे सगळे वर्षाचा पहिला पक्षी लिहून ठेवतात. तुझ्याकडे आमच्याआधी उजाडतं, तेव्हा तुझा पक्षी तू आधी कळव." आजी म्हणाल्या, "अरे, मला इथून कपाट दिसतं. फार तर त्यावरची पाल सांगेन तुला."

मी त्या खोलीत पाच-सहा वेळा आलो होतो. त्या दिवशी प्रथमच पलंगाशेजारी, त्यांच्या उशीच्या उंचीला बसलो आणि समोर पाहिले. खरोखरच कपाट होते. खिडकी होती ती डोक्यामागे. दीड महिना त्या माणसाला कपाटाचे दार दाखवून आम्ही विचारीत होतो की तुम्ही उत्साही का नाही!

खिडकीचे महत्त्व मी वाचलेले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. रॉजर उल्रिच यांचा १९८४मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वैद्यकीय वर्तुळात सुपरिचित आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून खिडकीला औषध म्हणता येणार नाही. परंतु पलंग फिरवायला खर्च येत नाही आणि त्याचे दुष्परिणामही नाहीत.

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी सूनबाईंनी शेजाऱ्यांच्या मदतीने पलंग फिरवला. सकाळी सात वाजून गेल्यावर समोरच्या शेवग्यावर पहिला आला तो कावळा. वर्षाच्या पहिल्या दिवशी, आजारी माणसासमोर कावळा! सूनबाई चरकल्या. आजी मात्र म्हणाल्या, "कावळाच हवा. पाहुणा येणार म्हणून तोच तर सांगतो. लिही वहीत." आणि दुसरा कोण येतो हे नीट दिसेना, म्हणून पाठीला उशी लावून बसवायला सांगितले. डिसेंबरात आपण होऊन बसण्याची इच्छा त्यांनी दाखवली होती, ती ही पहिलीच वेळ.

यात चमत्कार काही नाही. पुढचे काम व्यायामाने, वेदनाशामकांनी आणि सूनबाईंच्या कष्टांनी केले. संक्रांतीच्या सुमारास आजी वॉकर धरून सज्जापर्यंत आल्या. पक्ष्याने एवढेच केले की, उठण्यासाठी एक कारण दिले. डॉक्टरांचे 'उठायला हवे' हे कारण नसते, तो हुकूम असतो. सूनबाईंनी नंतर सांगितलेली गोष्टही मी विसरलेलो नाही. सकाळचा चहा त्या आता सासूबाईंजवळ बसून घेतात. "त्या दहा मिनिटांत मला कुणी हाक मारत नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. घरातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्या वाचकांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजवायला नको.

आता हे कसे करावे ते सांगतो. आपल्याकडे जानेवारीच्या आरंभी सूर्य सातनंतर उगवतो. पहाटेच्या थंडीत बाहेर पडण्याची घाई नको. दमा, जुनाट खोकला किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ऊन आल्यावरच सज्जात बसावे, कान आणि छाती झाकून. उत्साहाने एकदम उठू नये. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठताच रक्तदाब खाली येतो आणि तोल जातो. आधी पलंगाच्या कडेला दोन-तीन मिनिटे पाय सोडून बसावे, मग आधार धरून उभे राहावे. गच्चीवर चढणे टाळावे. मान मागे टाकून उंच झाडाकडे पाहत राहिल्यानेही अनेकांना गरगरते. खुर्चीत बसून नजरेच्या रेषेत येतील तेच पक्षी पाहावेत. ते पुष्कळ आहेत. कावळा, चिमणी, साळुंकी, बुलबुल, होला, पोपट, घार आणि हिवाळ्यापुरता आलेला, शेपटी खालीवर हलवणारा धोबी.

या पाहण्यातून प्रकृतीच्या दोन गोष्टी सहज कळतात. पहिली दृष्टीची. एक डोळा हाताने झाकून पक्षी पाहावा, मग दुसरा झाकून पाहावा. दोन्ही डोळ्यांनी पाहताना एका डोळ्याची उणीव झाकली जाते. रंग मळकट, पिवळट वाटत असतील, उन्हात डोळे दिपत असतील, तर मोतीबिंदूची शक्यता असते. फांदी दिसते पण तिच्यावर मधोमध बसलेला पक्षी पुसल्यासारखा वाटतो, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागाची तपासणी तातडीने हवी. आणि डोळ्यासमोर अकस्मात विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा पडदा आल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

दुसरी गोष्ट श्रवणाची. वयाबरोबर कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज गमावतात. कावळा ऐकू येतो, पण जास्वंदीवरच्या शिंजिराचा किंवा शिंप्याचा बारीक आवाज नातवाला ऐकू येतो आणि आजोबांना येत नाही, असे घडते. 'हल्ली पक्षी ओरडतच नाहीत' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत पक्षी ओरडत असतात. बोलण्यातली 'स', 'त', 'फ' ही व्यंजनेही याच उंच पट्टीत असतात. मग माणूस 'ऐकू येते पण कळत नाही' असे म्हणू लागतो आणि हळूहळू गप्पांतून उठून जातो. अशा वेळी श्रवणचाचणी करून घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

काळजीवाहकांसाठी एक सूचना. दृष्टी बरीच अधू झालेल्या ज्येष्ठांना कधीकधी खोलीत नसलेले पक्षी, मुले, माणसे स्पष्ट दिसतात. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही असे होते. 'आजोबांना वेड लागले' म्हणून हसू नये, रागावूही नये आणि बाहेरची बाधा समजून उताराही करू नये. 'मला तिथे पक्षी दिसत नाही, पण तुम्हांला दिसतोय हे खरे' असे शांतपणे सांगावे आणि डॉक्टरांना अवश्य कळवावे. हे एकाएकी, ताप किंवा नव्या औषधानंतर सुरू झाले, तर त्याच दिवशी कळवावे.

पाखरांना बोलवावे, पण ढाबळ करू नये. पारव्यांना सज्जात दाणे घालणे आपल्या शहरांत पुण्यकर्म समजले जाते. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्यास काहींच्या फुप्फुसांना सूज येते. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, वजन घटणे अशी लक्षणे दिसतात. निदान उशिरा झाल्यास फुप्फुसे कायमची राठ होतात. म्हणून सज्जात दाणे नकोत. साठलेली विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नये. पाण्याने भिजवून, तोंडाला मास्क लावून पुसावी, आणि ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. पाण्याचे पसरट भांडे ठेवायला हरकत नाही, परंतु ते रोज घासून पाणी बदलावे, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास आपल्याच दारी होते. आणि सोबतीसाठी पिंजऱ्यात आपल्याकडचा पोपट आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

शकुनाबद्दल दोन शब्द. पक्ष्याच्या दर्शनाला अर्थ देण्याची सवय आपल्यालाही आहे. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भारद्वाज दिसला तर आनंदच आहे. पण पहिला पक्षी म्हणून पिंगळा किंवा घुबड दिसले, तर मन खट्टू करून घेऊ नये आणि घरच्यांनीही चेहरा पाडू नये. आजारी माणूस आपल्या चेहऱ्यावरूनच भविष्य वाचत असतो. उंदीर फस्त करणारा तो पक्षी आपले भलेच करतो. वहीत त्याचेही नाव तितक्याच ठळक अक्षरात लिहावे.

वही मात्र जरूर ठेवावी. तारीख, वार, पक्षी, जमल्यास एक ओळ. तारीख रोज आपल्या हाताने लिहिण्यात काळाचे भान राहते. एखाद्या दिवशी नाव आठवले नाही तर घाबरू नये, वर्णन लिहावे. नाव संध्याकाळपर्यंत आठवते. आठवड्यामागून आठवडे ओळखीचे पक्षीच परके वाटू लागले, तर ती वही डॉक्टरांना दाखवावी. तिच्यावरून आम्हांला बरेच काही समजते.

१ जानेवारी हुकली, तर गुढीपाडवा आहेच. तोही आपला वर्षारंभ. हिवाळ्यात बहुतेक गप्प असलेला कोकीळ तोवर ओरडू लागलेला असतो. तो पानांआड दडतो, दिसतो क्वचित, ऐकू मात्र दूरवर येतो. ज्यांची दृष्टी गेली आहे, त्यांचा पहिला पक्षी तो असू शकेल.

तर येत्या ३१ तारखेच्या संध्याकाळी एक काम करावे. आपल्या घरातल्या अंथरुणावरच्या माणसाच्या उशीला क्षणभर आपले डोके टेकवावे आणि तिथून काय दिसते ते पाहावे. कपाट दिसले, तर पलंग फिरवून घ्यावा. आणि आपला पहिला पक्षी कोणता, ते मला जरूर कळवावे.