मोफत सीआरएम आणि आयर्लंडचा घरबाजार: नोंदवही कोणाच्या ताब्यात?

आयर्लंडमधील भाडेनियंत्रण डिसेंबर 2016 मध्ये डब्लिन आणि कॉर्क या दोन शहरांपासून सुरू झाले. 20 जून 2025 रोजी ते साऱ्या देशाला लागू झाले. त्याच महिन्यात सरकारने पुढचा टप्पाही जाहीर केला: 1 मार्च 2026 पासूनच्या नव्या भाडेकरारांना सहा वर्षांच्या मुदतीचे संरक्षण, आणि चार किंवा अधिक भाडेकरार असलेल्या 'मोठ्या' घरमालकांना अधिक कडक अटी. चर्चा झाली ती अर्थातच भाडे किती वाढणार याची. मात्र ज्या लहानमोठ्या कार्यालयांतून ही घरे भाड्याने दिली जातात, तिथे या बदलाचा एक फारसा न दिसणारा परिणाम झाला. करार कोणत्या तारखेला सुरू झाला, भाडे शेवटचे कधी वाढले, या घरमालकाच्या नावावर आणखी किती करार आहेत, हे तपशील पूर्वी एजंटच्या डोक्यात किंवा एखाद्या एक्सेल शीटच्या कोपऱ्यात असत. आता त्यांतला एक जरी चुकला तरी भाडेवाढीची किंवा घर सोडण्याची नोटीस अवैध ठरू शकते.

ग्राहक व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर, म्हणजे सगळे ज्याला सीआरएम म्हणतात ते, इस्टेट एजंटच्या टेबलावर आले आहे ते या पार्श्वभूमीवर. दोन-तीन माणसांच्या कार्यालयाला सर्वप्रथम दिसतो तो 'मोफत' हा शब्द. आपल्यातील काही जण आयटीतील नोकरी सांभाळून किंवा सोडून या व्यवसायाकडे वळू लागले आहेत. त्यांचा पहिला प्रश्नही हाच असतो. आणि जे या व्यवसायात नाहीत, त्यांचे पासपोर्ट, पगारपत्रके आणि बँकेचे तपशील याच सॉफ्टवेअरांत जाऊन पडतात. 2022 च्या जनगणनेत आयर्लंडमधील भारतीय नागरिकांची संख्या 45,449 होती. पोलिश आणि ब्रिटिश नागरिकांनंतरचा हा सर्वांत मोठा परदेशी समूह. त्यांच्यापैकी बहुतेकांनी इथे आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आपली कागदपत्रे कुठल्या ना कुठल्या लेटिंग एजंटला ईमेलने पाठवलेली असतात. ती पुढे कुठे गेली, याचा विचार करण्याइतकी उसंत त्या धावपळीत कोणाला असते?

आधी कायद्याची चौकट पाहू. 2011 च्या मालमत्ता सेवा नियमन कायद्यान्वये पुढच्या वर्षी प्रॉपर्टी सर्व्हिसेस रेग्युलेटरी अथॉरिटी, अर्थात पीएसआरए, स्थापन झाली. परवान्याशिवाय घरविक्री, भाडे किंवा इमारत व्यवस्थापनाची सेवा देणे हा गुन्हा आहे. विक्रीच्या वेळी एजंटला घराच्या बाजारमूल्याचा आपला अंदाज विक्रेत्याला लेखी द्यावा लागतो, आणि त्याहून कमी किमतीची जाहिरात करून गिऱ्हाईक जमवता येत नाही. घरासाठी आलेल्या बोलींच्या नोंदीही जपून ठेवाव्या लागतात. इथे बहुतेक घरे खासगी वाटाघाटीने विकली जातात. बोली फोनवर लागते, समोरचा बोलीदार कोण हे कळत नाही, आणि करारावर सह्या होईपर्यंत कोणीच बांधील नसतो. 'तो दुसरा बोलीदार खरोखर होता का?' हा आयर्लंडमधील घरखरेदीदाराचा जुना संशय आहे. त्याला उत्तर देऊ शकणारा पुरावा एकच, तो म्हणजे तारीख-वेळेसह ठेवलेली बोलींची नोंद.

महाराष्ट्रातून आलेल्यांना यात ओळखीचे काहीतरी जाणवेल. महारेरा 2017 पासून एजंटांची नोंदणी करते, आणि 2023 पासून त्यांना प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची झाली आहे. दलाल म्हणजे केवळ ओळखी असलेला माणूस, ही कल्पना दोन्हीकडे मागे पडत चालली आहे. फरक आहे तो माहितीच्या कायद्याचा.

सॉफ्टवेअर निवडताना खरी कसोटी इथेच लागते, आणि मोफत योजनांच्या तुलनेत ती क्वचितच दिसते. आयरिश एजंटच्या कार्यालयात एकाच वेळी तीन घड्याळे चालू असतात. पीएसआरएच्या चौकटीत व्यवहाराच्या नोंदी सहा वर्षे ठेवायच्या. काळा पैसा रोखण्यासाठीच्या 2010 च्या कायद्यानुसार ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे व्यावसायिक संबंध संपल्यानंतर पाच वर्षे ठेवायची. आणि 25 मे 2018 पासून लागू असलेला युरोपचा जीडीपीआर म्हणतो, गरज संपली की माहिती ठेवू नका. एका घरासाठी शंभर अर्ज आले आणि घर एकाला मिळाले, तर उरलेल्या नव्याण्णव जणांची पगारपत्रके ठेवण्याचे कारण पुढे उरतच नाही. म्हणजे एकाच यादीतील काही नोंदी सहा वर्षे टिकल्या पाहिजेत, काही पाच, आणि काही थोड्याच काळात पुसल्या गेल्या पाहिजेत. सीआरएमला नोंदींच्या प्रकारानुसार अशी वेगवेगळी मुदत लावता येते का? फुकट योजनांत ही सोय सहसा नसते. मग कोणीतरी हाताने पुसायचे, आणि हाताने पुसायचे काम कार्यालयात कोणाचेच नसते.

आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने भावी भाडेकरूंबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे आणि त्याचा आशय स्पष्ट आहे: घर दाखवण्याच्या टप्प्यावर बँक स्टेटमेंट किंवा पीपीएस क्रमांक मागू नये. पीपीएस क्रमांक लागतो तो पुढे, करार ठरल्यावर, रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्डाकडे नोंदणी करताना. 2022 च्या एप्रिलपासून ही नोंदणी दरवर्षी करावी लागते, म्हणजे क्रमांक साठवण्याचे कारण खरे आहे, पण ते यशस्वी अर्जदारापुरतेच. प्रत्यक्षात काय होते? एजंट सॉफ्टवेअर बसवतो, चौकशीचा एकच अर्ज बनवतो आणि त्यात सगळे रकाने पहिल्याच दिवशी घालून ठेवतो, कारण नंतर पुन्हा विचारणे कंटाळवाणे असते. दोष सॉफ्टवेअरचा नाही. पण मोफत योजनेत अर्ज एकच आणि रकाने मोजके असले, की असा शॉर्टकट सुचतोच.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे. हबस्पॉट ही अमेरिकी कंपनी. तिचे युरोपीय मुख्यालय डब्लिनमध्येच आहे, आणि तिच्या मोफत सीआरएममुळेच ती लहान व्यावसायिकांच्या ओळखीची झाली. झोहो चेन्नईची, 1996 साली स्थापन झालेली; तिच्या सीआरएमची मोफत आवृत्ती तीन वापरकर्त्यांपर्यंत चालते, आणि युरोपीय ग्राहकांसाठीची तिची डेटा केंद्रे ॲमस्टरडॅम आणि डब्लिन येथे आहेत. बिट्रिक्स24 चे मूळ रशियातील कॅलिनिनग्राडचे. तिसरा गट मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा: सुइटसीआरएम, एस्पोसीआरएम, बेल्जियमचे ओडू. ही आपल्या सर्व्हरवर चालवता येतात.

या सगळ्यांची घरबाजाराशी पहिली गाठ पडते तीच अवघड जागी. सर्वसाधारण सीआरएमची रचना 'एक ग्राहक, एक सौदा' अशी असते. घरविक्रीत मात्र एक खरेदीदार पाच घरांवर बोली लावतो आणि एका घरावर बारा खरेदीदार असतात. घर ही स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदवता आली पाहिजे, आणि बोली ही घर व माणूस या दोघांना जोडणारी कडी म्हणून. त्यासाठी लागणारी स्वतंत्र मॉड्यूल्स बंद स्वरूपाच्या मोफत आवृत्त्यांत सहसा मिळत नाहीत. हबस्पॉटमध्ये ती सर्वांत वरच्या सशुल्क श्रेणीत आहेत. परिणामी एजंट घराचा पत्ता 'सौद्याचे नाव' म्हणून लिहितो आणि बोली टिपणांत टाकतो. वर्षभराने एखाद्या विक्रेत्याने तक्रार केली, तर त्या टिपणांतून बोलींचा क्रम लावत बसायचे. शिवाय डाफ्ट आणि मायहोम या दोन प्रमुख संकेतस्थळांवर घराची जाहिरात थेट पाठवण्याची सोय घरबाजारासाठी खास बनवलेल्या सशुल्क सॉफ्टवेअरांत असते. सर्वसाधारण मोफत सीआरएममध्ये ती नसल्याने तेच काम दोनदा करावे लागते.

पैशांचा हिशेब करून पाहावा. चार लाख युरोंचे घर आणि दीड टक्का शुल्क धरले, तर एका विक्रीतून सहा हजार युरो येतात, वर 23 टक्के व्हॅट वेगळा. तीन जणांसाठी माणशी दरमहा वीस युरो धरले, तर वर्षाचे 720 युरो होतात. विक्रीच्या कामासाठी मोफतचा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही, असे माझे मत आहे. नुकताच परवाना मिळालेल्या आणि वर्षाला मोजकीच घरे भाड्याने देणाऱ्या एकट्या एजंटची गोष्ट निराळी. त्याला मोफत आवृत्ती पुरते. पण त्याने ती घेताना बाहेर पडण्याचा दरवाजा आधी पाहून ठेवावा.

कारण 'मोफत' हा शब्द कंपनीच्या मर्जीवर टिकतो. शुगरसीआरएमचे उदाहरण या क्षेत्रातले लोक विसरलेले नाहीत. त्या कंपनीची मुक्त स्रोत आवृत्ती जगभर वापरली जात होती. 2014 च्या सुमारास कंपनीने तिच्या पुढच्या आवृत्त्या काढणे थांबवण्याचे ठरवले. त्याच कोडवरून स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या सेल्सॲजिलिटीने सुइटसीआरएम उभे केले, म्हणून वापरकर्ते तरले. कोड खुला होता, म्हणून ते जमले. बंद स्वरूपाच्या मोफत योजनेत वापरकर्त्यांची किंवा संपर्कांची मर्यादा एका ईमेलने घटवली जाते, आणि तोवर कार्यालयाच्या तीन वर्षांच्या नोंदी तिथे अडकलेल्या असतात. संपर्कांची यादी सीएसव्हीमध्ये सहज निघते. पण टिपणे, जोडलेली कागदपत्रे आणि कोणी कधी काय बदलले याचा इतिहास निघतो का, हे पहिल्या आठवड्यात दहा बनावट नोंदी घालून तपासून पाहता येते. इतकी साधी चाचणी करणारे थोडेच.

मुक्त स्रोताच्या बाजूने बोलणाऱ्यांना, आणि आपल्या वाचकांत असे अभियंते भरपूर आहेत, एक आठवण द्यावीशी वाटते. स्वतःच्या सर्व्हरवर सीआरएम चालवणे म्हणजे त्याची सुरक्षाही स्वतःच पाहणे. माहिती फुटली आणि त्यातून लोकांना धोका संभवत असेल, तर 72 तासांत आयोगाला कळवावे लागते. शनिवार-रविवार त्यातून वगळलेले नाहीत.

माहिती कोणत्या देशात आहे, हा प्रश्न आयर्लंडमध्ये पुस्तकी राहिलेला नाही. अमेरिकेकडे माहिती पाठवण्यावरून मेटाला मे 2023 मध्ये 120 कोटी युरोंचा दंड ठोठावला तो डब्लिनच्याच आयोगाने. चीनकडील माहितीवरून टिकटॉकला मे 2025 मध्ये 53 कोटींचा. त्याआधी मॅक्स श्रेम्स यांच्या तक्रारीतून उभ्या राहिलेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2020 साली अमेरिकेशी असलेली व्यवस्थाच रद्द केली होती. 2023 मध्ये नवी व्यवस्था आली आणि सप्टेंबर 2025 मध्ये ती युरोपच्या जनरल कोर्टात टिकली. भारताला मात्र युरोपने अशी मान्यता दिलेली नाही. त्यामुळे सर्व्हर डब्लिनमध्ये असला, तरी तांत्रिक मदत देणारा माणूस चेन्नईहून तीच नोंद उघडत असेल, तर त्यासाठी प्रमाणित करारकलमे लागतात. सॉफ्टवेअर कंपनी ही केवळ प्रक्रिया करणारी. कायद्याच्या नजरेत जबाबदार राहतो तो एजंट. मोफत खाते उघडताना 'मान्य आहे' वर टिचकी मारली, की हा करारही त्यातच झालेला असतो. तो वाचलेला असावा, एवढीच किमान अपेक्षा.

टिपणांचा रकाना हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग. 'इंग्रजी नीट येत नाही', 'भारतीय कुटुंब, स्वयंपाकाचा वास', 'सरकारी भाडेमदतीवर' असे शेरे फोनवर बोलता बोलता टाइप होतात. समान दर्जा कायद्यांनुसार वंश आणि राष्ट्रीयत्वावरून घर नाकारता येत नाही. भाडेमदतीवर असल्याच्या कारणानेही नाही, हे 1 जानेवारी 2016 पासून स्पष्ट आहे. आणि जीडीपीआरनुसार कोणीही आपल्याबद्दलची सारी नोंद, शेऱ्यांसह, विनामूल्य मागू शकतो. उत्तर सर्वसाधारणपणे एका महिन्यात द्यावे लागते. मागणीसाठी साधा ईमेल पुरतो, वकील लागत नाही.

हेच हत्यार दुसऱ्या दिशेनेही चालते. पुण्यातील एखाद्या गृहप्रकल्पाची चौकशी एकदा केली, की पुढची दोन वर्षे फोन येत राहतात, हा परदेशस्थ मराठी माणसाचा नेहमीचा अनुभव. तिकडच्या विक्री कार्यालयातही सीआरएमच असते, आणि 'एनआरआय' हा त्यातला एक रकाना. भारताचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पण जीडीपीआरच्या तिसऱ्या कलमानुसार युरोपात राहणाऱ्या लोकांना उद्देशून वस्तू वा सेवा विकणारी कंपनी युरोपबाहेरची असली, तरी हा कायदा तिला लागू होतो. डब्लिनमध्ये प्रदर्शन भरवून किंवा आयर्लंडमधील वाचकांसाठी जाहिरात करून नावे आणि क्रमांक गोळा करणाऱ्या बिल्डरने त्या नोंदी कुठे ठेवल्या आहेत, युरोपात आपला प्रतिनिधी कोण नेमला आहे, आणि 'माझे नाव काढा' म्हटल्यावर ते कोणत्या यादीतून निघते, हे त्याच्या माणसाला चौकशीच्या टेबलावरच विचारता येते.