बॅरल ट्यूनर आधी घ्यायचा की एका लॉटच्या गोळ्या?

कोपरखैरणे : १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आपल्याकडच्या घराघरात रायफल हा शब्द शिरला. ५० मीटर रायफलीत भारताला मिळालेलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. आता पोरं मैदानावर जात्यात तशी रेंजवर जात्यात. पण पोरांच्या मागनं खर्चही रेंजवर जातोय, आणि त्यातला कुठला खर्च कामाचा नि कुठला नुसता हौसेचा, हे सांगणारं माणूस गावाकडं नाही. हे लिहायला कारण घडलं ते कोपरखैरण्यात.

कोपरखैरण्यात आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडची माथाडी मंडळी भरपूर. माझा चुलतभाऊ त्यातलाच, वाशी मार्केटात पोती उचलतो. गेल्या महिन्यात कामानिमित्त मार्केटला गेलो तेव्हा मुक्काम त्याच्याकडंच होता. त्याचा थोरला पोरगा चार वर्षं एअर रायफल मारतोय, आणि आता वर्षभर क्लबच्या रायफलीवर ५० मीटरचा सराव करतोय. त्यासाठी लोकलनं वरळीच्या रेंजला जातो. स्वतःच्या परवान्याची फाईल अजून हलायची आहे. एअर रायफलीला ती भानगड नव्हती, पॉइंट टू-टूला आहे.

जेवणं झाली आणि बाप-लेकात वाद सुरू झाला. एक सीनियर खेळाडू आपली जुनी रायफल विकतोय आणि तिच्याबरोबर बॅरल ट्यूनर घे म्हणतोय. पोरगं मला म्हणालं, "काका, हा लावला की ग्रुप निम्म्यावर येतो." भाऊ म्हणाला, "तूच सांग बाबा ह्याला." किंमत ऐकली तर आमच्या एकरभर उसाचं खत येईल एवढी. मला तरी कुठं काय माहीत? पण बातमीदाराची सवय, दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर रेंजवर गेलो, चार जणांना विचारलं, नंतर आठ दिवस वाचत बसलो. त्यातनं जे समजलं ते असं.

ट्यूनर म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचं एक वजन. त्याला आटे असतात, फिरवलं की वजन केसभर पुढं-मागं सरकतं. एवढंच. पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

गोळी उडते तेव्हा नळी स्थिर नसते. विहिरीवरची मोटर सुरू झाली की पाईप थरथरतो, तशी ती थरथरते. गोळी नळीत असते जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद, पण तेवढ्यात नळीचं तोंड थोडं खाली-वर होतं. आता गोळीचं बघा. ती नळीतनं सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगानं निघते. पण एकाच पेटीतल्या दोन गोळ्यांचा वेग तंतोतंत सारखा नसतो, पाच-सहा मीटरचा फरक सहज पडतो. हळू गोळीला पोचायला वेळ जास्त, म्हणून ती जास्त खाली पडते. हिशेब मांडला तर पन्नास मीटरवर हा फरक साधारण ५ मिलिमीटर येतो. आणि दहाचा गोल केवढा? १०.४ मिलिमीटर. म्हणजे पोरानं श्वास धरला, नेम धरला, घोडा मऊ दाबला, सगळं बरोबर केलं तरी निम्मा गोल गोळीनंच खाल्ला.

इथं ट्यूनर कामाला येतो. हळू गोळी नळीतनंही उशिरा बाहेर पडते. ती बाहेर पडायच्या क्षणी नळीचं तोंड वर चढत असेल, तर तिला आपोआप थोडा वरचा कोन मिळतो आणि तिचं जास्तीचं पडणं भरून निघतं. वेगवान गोळी आधीच निघून गेलेली असते, तोंड खाली असताना. दोन्ही एकाच जागी पोचतात. वजन पुढं-मागं करून हा क्षण जुळवायचा, ह्याला ट्यूनिंग म्हणायचं. म्हणजे ही अंधश्रद्धा नव्हे. अमेरिकेत रायफल टेबलावर टेकवून मारायचा बेंचरेस्ट नावाचा प्रकार आहे, तिथं पॉइंट टू-टूवाल्यांत ट्यूनर सर्रास वापरतात. तिथं माणूस रायफल जवळजवळ धरतच नाही, त्यामुळं जी चूक उरते ती नळीची आणि गोळीची.

आपली पोरं मात्र टेबलावर टेकवून मारत नाहीत. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून मारायचं. उभं राहिल्यावर रायफलीचं तोंड किती हलतं ते मी रेंजवर मागं उभा राहून बघितलंय. त्या हलण्यापुढं ५ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.

पोराच्या मोबाईलमध्ये त्याच्या मागच्या सात-आठ सरावांच्या टार्गेटचे फोटो होते, इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक गोळी कुठं लागली ते दाखवतं. सगळे फोटो एकापाठोपाठ बघितले. गोळ्या खाली-वर फार पसरलेल्या नव्हत्या, पसरलेल्या होत्या आडव्या. घड्याळाच्या नवापासून तीनापर्यंत. मी विचारलं, "हे आडवं कशामुळं?" पोरगं म्हणालं, "वारा काका. आणि कधी घोडा दाबताना बोट वाकडं जातं." वेगातल्या फरकामुळं पडणारी चूक उभी असते, आणि ट्यूनर सुधारतो तो मुख्यतः हा उभा पसारा. वाऱ्याला आणि वाकड्या बोटाला तो काय करणार? पोरगं गप्प झालं. शहाणं आहे.

दुसरा मुद्दा गोळ्यांचा, आणि शेतकऱ्याला हा लगेच कळंल. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो. कंपनी तीच, वाण तेच, पण एक लॉट शंभरातले पंच्याऐंशी उगवतो आणि दुसरा साठावर अडकतो. म्हणून आपण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघतो. मॅचच्या गोळ्यांचंही असंच. पेटीवर लॉट नंबर छापलेला असतो, आणि एका रायफलीला जो लॉट मानवतो तो दुसरीला मानवंलच असं नाही. ह्यासाठी इंग्लंडात इली कंपनीचं आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ कंपनीचं चाचणी केंद्र आहे. मोठे खेळाडू आपली रायफल तिथं घेऊन जातात, ती शिकंजात आवळतात, आठ-दहा लॉटच्या गोळ्या पन्नास मीटरवर मारून बघतात आणि ज्याचा ग्रुप बारीक येईल त्या लॉटच्या वर्षभराच्या गोळ्या उचलतात.

आणि आपलं पोरगं काय करतं? दुकानात असतील त्या दोन पेट्या आणतं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या लॉटच्या दोन. अशात ट्यूनर जुळवायचा तरी कशावर? एका लॉटवर जुळवलेलं दुसऱ्या लॉटवर तसंच बसंल ह्याची खात्री नाही. माती परीक्षण न करता दुकानदार म्हणाला म्हणून टॉनिक फवारायचं, आणि पाऊस चांगला झाला तर टॉनिकला श्रेय द्यायचं, त्यातला हा प्रकार.

जुळवायलाही गोळ्या लागतात, हे विकणारा सांगत नाही. समजा वजनाच्या दहा जागा तपासायच्या. पाच गोळ्यांचा एक ग्रुप बारीक आला म्हणजे जागा सापडली असं नसतं, पाच गोळ्या नशिबानंही एकत्र पडतात. निदान दहा-दहाचे तीन ग्रुप तरी प्रत्येक जागी मारावे लागतील. झाल्या ३०० गोळ्या, म्हणजे सहा पेट्या. थ्री पोझिशनची पात्रता फेरी ६० गोळ्यांची असते. पाच मॅचच्या गोळ्या नुसतं वजन फिरवण्यात गेल्या.

आता दुसरी बाजू. पॅरिसला पात्रता फेरीत स्वप्नीलचे ५९० गुण होते आणि तो सातवा आला. फायनलला आठच जण जातात. आपलाच ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ वर अकरावा राहिला. एका गुणानं ऑलिंपिक फायनल गेली. त्या पातळीवर नळीचा, गोळीचा, वाऱ्याचा कण न् कण मोजावा लागतो, आणि तिथं ट्यूनरवर आठवडे घालवले तर कुणी हसणार नाही. पण ५९० वाल्याचा प्रश्न आणि ५६५ वाल्याचा प्रश्न एक नव्हे. ५६५ वाल्याचे पस्तीस गुण नळीच्या तोंडाशी सांडत नाहीत, खांद्याशी आणि बोटाशी सांडतात.

स्वप्नीलचंच बघा. शिक्षकाचा पोरगा, २००९ ला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१५ ला मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला, दीपाली देशपांडेंच्या हाताखाली तयार झाला. तेजस्विनी सावंत आपल्या कोल्हापूरचीच, २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. दोघांच्या मागं वर्षानुवर्षांचा सराव, रेंज आणि प्रशिक्षक आहेत. पोरांना हेच मिळत नाही म्हणून ती वस्तूत शोधत्यात, त्यांचाही दोष नाही.

राज्य सरकारच्या 'मिशन लक्ष्यवेध' योजनेत नेमबाजी आहे. माझं म्हणणं एवढंच, त्यात बालेवाडीला गोळ्यांची लॉट चाचणी करायची एक सोय उभी करावी. एक पक्का शिकंजा, पन्नास मीटरची बंद लेन आणि पाच-सहा लॉट. जिल्ह्याजिल्ह्यातली पोरं वर्षातनं एकदा रायफल घेऊन येतील, आपला लॉट ठरवतील आणि सगळ्यांची मागणी एकत्र करून गोळ्या मागवता येतील. शेतकरी गट करून खत उचलतो तसं. ह्याला स्टेडियम लागत नाही. बक्षिसं पदक आल्यावर जाहीर होतात, हा खर्च आधी करायचा आहे.

कोपरखैरण्याहून निघायच्या दिवशी भावानं विचारलं, मग काय करायचं? मी म्हणलं, रायफल चांगली असंल तर बघ, पण परवाना हातात आल्यावरच. ट्यूनर राहू दे. त्या पैशात एकाच लॉटच्या मिळतील तेवढ्या पेट्या घे, आणि उरले तर पोराला वाऱ्याच्या झेंड्यांचा एक सेट. पोराचं तोंड जरा उतरलं होतं. परवा त्याचा फोन आला. क्लबातल्या तिघांनी मिळून एकाच लॉटच्या गोळ्या घेतल्यात, प्रत्येकानं आपापल्या रायफलीवर दहा-दहाचे चार ग्रुप मारले. दोघांना लॉट चांगला लागला. ह्याच्या हातातल्या रायफलीला नाही. तो आपला वाटा त्या दोघांना देऊन दुसरा लॉट शोधतोय.